लग्नाची व्हीएचएस कॅसेट डीव्हीडीवर घेताना

सॉफ्टवेअर कुठलं, हा पहिला प्रश्न असतो सगळ्यांचा. मी आधी कॅसेट मागतो. नातेवाइकांच्या लग्ना-मुंजीच्या कॅसेटी माझ्याकडेच येतात, आणि आम्ही पडलो रत्नागिरीचे. इथल्या पावसाळ्यात माळ्यावर राहिलेल्या कॅसेटला बुरशी धरणारच.

कॅसेटच्या खिडकीतून रिळाची कड उजेडात बघा. पांढरी पूड किंवा जाळं दिसलं तर ती कॅसेट व्हीसीआरमध्ये अजिबात घालू नका, बुरशी हेडला (टेप वाचणाऱ्या भागाला) लागेल आणि तिथून पुढच्या कॅसेटींनाही. तिला बाजूला ठेवून जाणकाराकडून साफ करून घ्या. चांगली असेल तर लेबलच्या कडेची प्लास्टिकची टिकली आहे का बघा, असेल तर मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी लग्न पुसणार नाही. मग टेप एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन रिवाइंड करा. वर्षानुवर्षं एकाच जागी बसलेली टेप त्याने सैल होते.

आता व्हीसीआर. चालू स्थितीतला मिळवणं हेच खरं काम, कारण नवे कोणी बनवत नाही. जपानच्या फुनाईने २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. चित्रात मुंग्या दिसल्या तर हेड साफ करा. प्लग काढा, मऊ चामड्याचा तुकडा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून गोल ड्रमला नुसता टेकवून धरा आणि दुसऱ्या हाताने ड्रमच हळूहळू फिरवा. वर-खाली घासलं की हेड तुटलं म्हणून समजा. कानातल्या कापसाच्या काड्या तर नकोच, तंतू अडकतात.

व्हीसीआरच्या आउटमधून पिवळी पिन चित्राची, पांढरी-लाल आवाजाची. त्या यूएसबी कॅप्चर कार्डात, म्हणजे व्हीसीआरचं चित्र-आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणाऱ्या जोडणीत. मोनो व्हीसीआरला आवाजाची एकच पिन असते, मग तोच आवाज दोन्ही चॅनलवर कॉपी करा. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर म्हणून व्हर्च्युअलडब फुकट आहे, ते चालतं. त्यात पाल पद्धत (आपल्याकडच्या टीव्हीची) निवडा, चित्र ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, आवाज ४८ किलोहर्ट्झ. अमेरिकेतल्या भावाने पाठवलेली कॅसेट असेल तर ती एनटीएससी, म्हणजे तिकडच्या टीव्हीच्या पद्धतीची असणार, तिला दोन्ही पद्धती वाचणारा व्हीसीआर लागतो.

रेकॉर्डिंग हफीयुव्हीसारख्या दर्जा न घटवणाऱ्या कोडेकमध्ये (व्हिडिओ साठवायच्या पद्धतीत) करा. तासाला २५-३० जीबी जागा जाते, जाऊ द्या. 'ड्रॉप्ड फ्रेम्स'चा, म्हणजे निसटलेल्या फ्रेमचा आकडा वाढू लागला की थांबा आणि बाकीचे प्रोग्राम बंद करा, नाहीतर मंगलाष्टकं एकीकडे आणि भटजींचे ओठ दुसरीकडे. चित्राच्या तळाशी थरथरती पट्टी दिसेल. ती टेपमध्ये असतेच, जुन्या टीव्हीची चौकट ती झाकायची. ती कापू नका, काळ्या पट्टीने झाका.

डीव्हीडी बनवायला डीव्हीडीस्टायलर हे सॉफ्टवेअर बरं. ४.७ जीबीच्या डिस्कवर दोन तास नीट बसतात. तीन तासांची कॅसेट असेल तर दोन डिस्क करा, हट्टाने एकीत कोंबाल तर वरातीतल्या दिव्यांचे चौकोनी ठोकळे होतात. फील्ड-क्रम, म्हणजे प्रत्येक फ्रेमच्या दोन अर्ध्या चित्रांपैकी आधी कुठलं दाखवायचं तो क्रम, तपासायचा तर अक्षता टाकतानाचा भाग लावा. हात पुढे-मागे झटके खाताना दिसले की क्रम उलटा आहे.

डिस्क कमी वेगाने जाळा (बर्न करा) आणि कॉम्प्युटरवर नव्हे, घरच्या प्लेयरवर लावून बघा. नाव मार्करनेच लिहा, चिकटपट्टी नको. मोठी मूळ फाइल हार्डडिस्कवर राहू द्या, आणखी प्रती त्यातूनच काढायच्या आहेत.