ग्रँड ज्युरीचं पत्र आलंय? बसण्याआधी एवढं वाचा

ग्रँड ज्युरी म्हणजे आरोपीवर खटला चालवायचा की नाही हे ठरवणारे सामान्य नागरिक. तिचं पत्र आलं की मंडळातला एखादा जाणता हमखास सांगतो, "काही नाही हो, एडीए (सरकारी वकील) सांगेल तेव्हा हात वर करायचा." हा सल्ला मला अजूनही झोंबतो. मी बसले ती न्यूयॉर्क राज्यातल्या काउंटीत, म्हणून हे सगळं तिथलं. कॅलिफोर्नियात बहुतेक फेलनी (गंभीर गुन्ह्याच्या) केसेस ग्रँड ज्युरीपुढे येतच नाहीत.

खोलीत 16 ते 23 जण. न्यायाधीश नाही, आरोपीतर्फे उलटतपासणी नाही. साक्षीदार एडीए आणतो, कायदाही बहुतेक तोच समजावतो. आरोपीला येऊन बोलायचा हक्क आहे. त्याचा वकील शेजारी बसतो, पण ज्युरीशी बोलू शकत नाही.

आता खरी मेख. तुम्हाला दोषी की निर्दोष हे ठरवायचंच नाहीये. नानावटी खटल्यातली ज्युरी डोक्यातून काढून टाका. गुन्ह्याच्या प्रत्येक घटकाला पुरेसा पुरावा आहे का, आणि गुन्हा याच माणसाने केला असं मानायला वाजवी कारण आहे का, एवढंच बघायचं. "दुसरी बाजू ऐकलीच नाही" म्हणून अडून बसू नका. ती खटल्यात येईल, तिथे एकमत लागतं. पण "पोलिसांनी उगाच पकडलं असेल का?" हे त्याहून वाईट. मालाच्या किमतीवरून चोरीची फेलनी लावली असेल, तर किंमत 1,000 डॉलरच्या वर हवी. चोरी झाली हे पटलं तरी किमतीचा पुरावा कुठाय? एडीएमार्फत विचारा. तो कपाळाला आठ्या घालेल, घालू दे.

घाई मात्र खरी असते. कोठडीतल्या आरोपीबाबत साधारण 120 तासांत, सुट्टी आली तर 144 तासांत, निर्णय झाला नाही तर त्याला सहसा सोडावं लागतं. केस संपत नाही. मधला दिवस बुडवून महत्त्वाची साक्ष चुकवलीत, तर त्या केसवर मत देऊ नका.

कायद्याचं इंग्रजी पहिल्यांदा डोक्यावरून जातं, सगळ्यांच्याच. पुन्हा वाचून मागा, मिळतं. मतदानाला एडीए आणि स्टेनोग्राफरसुद्धा बाहेर जातात. इन्डाइटमेंटला, म्हणजे खटल्यासाठी आरोप ठेवायला, 12 मतं लागतात, केस फेटाळायलाही 12च.

माझ्या केसेस कोणत्या होत्या, कुणी काय मत दिलं, हे विचारू नका. आतलं बाहेर सांगणं हीसुद्धा तिथे फेलनीच आहे.