खान्देशात माणूस, यंत्र आणि सरकारी यंत्रणेचा अभ्यास करताय? या चुका टाळा

देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. त्यामुळे अभ्यासासाठी तेच गाव घ्यावंसं वाटतं. पण खुद्द पंतप्रधान येऊन गेलेलं गाव आसपासच्या गावांचा नमुना ठरत नाही. टेंभली घ्यायचीच तर जोडीला दोन साधी गावं घ्या.

सगळ्यात महागात पडते ती प्रश्नावलीतली चूक. ई-पीक पाहणी म्हणजे शेतातल्या पिकाचा फोटो काढून मोबाईलवरून केलेली सरकारी नोंद. ‘तुम्ही ई-पीक पाहणीचं अ‍ॅप वापरता का?’ असं विचारलं की उत्तर येतं, हो. पीक नोंदलेलं असतंच, पण फोटो पुतण्याने काढलेला असतो, नाहीतर चार पैसे घेऊन गावातल्या एखाद्या पोराने. तुमच्या तक्त्यात मात्र सत्तरीचे आबा ‘अ‍ॅप वापरणारे’ होऊन बसतात. म्हणून सवय विचारू नका, शेवटची एकच नोंद धरा. फोन कोणाचा होता? बांधावर कोण गेलं? पैसे किती दिले? गाव नमुना बारावर, म्हणजे गावाच्या पीक नोंदवहीत, पीक चढलं का, हे नंतर कोणी पाहिलं? अहिराणी पट्ट्यात सरळ विचारा, ‘ओटीपी कोना मोबाईलवर उना?’ (कोणाच्या मोबाईलवर आला?) धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात अहिराणीवर भागत नाही. तिथे भिली किंवा पावरी बोलणारा सोबती लागतो, आणि तो रेशन दुकानदाराचा नातलग नको.

दुसरी चूक म्हणजे, रेशनचं धान्य का मिळालं नाही यावर ‘नेट नव्हतं’ हे उत्तर लिहून पुढच्या घरी जाणं. या दोन शब्दांखाली निदान चार वेगळ्या अडचणी लपतात: कष्टाने रेषा झिजल्यामुळे अंगठा जुळला नाही, रेंज नव्हती, सर्व्हर बंद होता, किंवा माल आलाच नव्हता. वाटपाच्या दिवशी दुकानात बसा आणि प्रत्येक प्रयत्नाची एक ओळ लिहा: वेळ, कोणतं बोट, कितवा प्रयत्न, पॉस मशीनवरचा (अंगठा तपासणारं रेशन दुकानातलं यंत्र) संदेश जसाच्या तसा, दुकानदार काय बोलला, पावती निघाली का, धान्य किती मिळालं. मशीनचा संदेश एक आणि दुकानदाराचं सांगणं दुसरं, असं जिथे दिसेल तिथे खोदा. कार्डाचे फोटो मात्र काढू नका. आधार क्रमांक तुम्हाला कशाला हवा? घराला स्वतःचा सांकेतिक क्रमांक द्या.

वेळही चुकते. सातपुड्यातली बरीच कुटुंबं दिवाळीनंतर गुजरातेत कामाला जातात, त्यामुळे जानेवारीत म्हातारी माणसं आणि कुलपंच भेटतात. होळीला माणसं परततात. पण ऐन होळीत कागद काढू नका, सण उरकू द्या.

तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) म्हणजे अडवणूक करणारा, असं ठरवून कार्यालयात जाऊ नका. त्याच्याकडे गावं किती, वरून कोणती मुदत आली आहे, पोर्टल कधी अडतं, हे त्याच्या शेजारी बसून पाहा. अर्धी कोडी तिथेच सुटतात. आकडे हवे असतील तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांचा लागतो. ‘ई-पीक पाहणीची सर्व माहिती द्या’ असं लिहिलं की अर्ज लटकतो. त्याऐवजी एक तालुका, एक हंगाम धरून गावनिहाय नोंदी मागा: शेतकऱ्याने स्वतः केलेल्या किती, पाहणीसाठी नेमलेल्या सहायकाने केलेल्या किती.

कोबोकलेक्ट या सर्वेक्षणाच्या मोबाईल अ‍ॅपमध्ये नोंदी ऑफलाइन होतात, पण कोरा फॉर्म आधी फोनवर उतरवलेला लागतो. ते काम शहाद्यातच उरका. घाट चढल्यावर रेंजचा भरवसा नाही.