मोबाइलसाठी हेडफोन ॲम्प्लिफायर निवडताना

मोबाइलला जोडायचा छोटा हेडफोन ॲम्प्लिफायर घ्यावा असे मनात आले, की बहुतेक जण आधी ॲम्प्लिफायरच्या जाहिराती चाळू लागतात. खरे तर आधी पाहायला हवे ते आपल्याच हेडफोनचे खोके. त्यावर किंवा सोबतच्या माहितीपत्रकात एक आकडा ओहममध्ये आणि दुसरा डेसिबलमध्ये दिलेला असतो. कोणता ॲम्प्लिफायर घ्यावा, किंबहुना तो घ्यावाच का, याचा निम्म्याहून अधिक निकाल त्या दोन आकड्यांतच लागतो.

ओहमचा आकडा म्हणजे इम्पीडन्स, अर्थात हेडफोन विद्युत्प्रवाहाला किती विरोध करतो त्याचे माप. डेसिबलचा आकडा संवेदनशीलतेचा, म्हणजे ठरावीक वीज पुरवली असता किती मोठा आवाज निघतो याचा. येथे एक मेख आहे. काही कंपन्या ही संवेदनशीलता १ मिलिवॉटला मोजतात, तर काही १ व्होल्टला. ३२ ओहमच्या हेडफोनवर या दोन पद्धतींच्या उत्तरांत तब्बल १५ डेसिबलचा फरक पडतो, त्यामुळे मोजणीची पद्धत न पाहता दोन हेडफोनची तुलना केली तर ती हमखास फसते.

आता एक उदाहरण कागदावर सोडवून पाहू. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो हा हेडफोन वेगवेगळ्या इम्पीडन्समध्ये मिळतो. त्यातला २५० ओहमचा घेऊ. त्याची संवेदनशीलता १ मिलिवॉटला ९६ डेसिबल आहे. व्होल्टचा वर्ग करून त्याला ओहमने भागले की वॉट मिळतात, म्हणून १ व्होल्ट दिल्यास या हेडफोनला ४ मिलिवॉट पोहोचतात. शक्ती दुप्पट झाली की आवाज ३ डेसिबलने वाढतो. येथे ती दोनदा दुप्पट झाली, म्हणून उत्तर येते १०२ डेसिबल. व्होल्टेज दुप्पट करून २ व्होल्ट केले, तर १६ मिलिवॉट आणि १०८ डेसिबल. आपण एरवी सरासरी ७० ते ८० डेसिबलवर ऐकतो. परंतु ख्यालाच्या ध्वनिमुद्रणात संथ आलापीचा आवाज आणि तारसप्तकातल्या तानेचा किंवा तबल्याच्या थापेचा आवाज यांत मोठी तफावत असते, आणि त्या टोकांसाठी वर जागा राखावी लागते. माझ्या हिशेबाने १०५ ते ११० डेसिबलपर्यंत पोहोचण्याची क्षमता असली की पुरे. ॲपलचा हेडफोन जोडायचा साधा यूएसबी-सी अडॅप्टर सुमारे १ व्होल्ट देतो (युरोपात विकल्या जाणाऱ्या अडॅप्टरमध्ये हे प्रमाण साधारण निम्मे असते), म्हणजे या हेडफोनला तो कसाबसा पुरेल आणि २ व्होल्टचा डोंगल (फोनच्या पोर्टमध्ये खोचायचा चिमुकला ॲम्प्लिफायर) आरामात चालवील.

याच हिशेबात कानात घालायचा ३२ ओहमचा आणि १ मिलिवॉटला १०५ डेसिबल देणारा इअरफोन बसवला, तर १ व्होल्टलाच १२० डेसिबलचे उत्तर येते. अशा इअरफोनला आणखी ताकदीची गरजच नाही. उलट, कमी ओहमचा हेडफोन म्हणजे चालवायला सोपा, हा समजही खरा नाही. हायफायमॅनचा एचई-६ अवघ्या ५० ओहमचा आहे, पण त्याची संवेदनशीलता १ मिलिवॉटला केवळ ८३.५ डेसिबल असल्यामुळे १०८ डेसिबलसाठी त्याला सुमारे २८० मिलिवॉट लागतात. वरच्या २५० ओहमच्या हेडफोनचे तेवढेच काम १६ मिलिवॉटमध्ये होते. असा हेडफोन खिशातल्या उपकरणावर चालवण्याचा हट्ट धरू नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

ताकदीचा प्रश्न सुटला की पाहायची ती शांतता, आणि नेमकी येथेच मी एकदा चुकलो. भरपूर मिलिवॉटचा आकडा पाहून बॅटरीवर चालणारा एक ॲम्प्लिफायर मी घेतला आणि त्याला नाजूक इअरफोन लावला. गाण्याच्या आरंभी नुसता तानपुरा सुरू होता, आणि त्याच्या खाली एक बारीक, न थांबणारी सूं ऐकू येत होती. ७८ आरपीएमच्या जुन्या तबकडीची खरखर कान माफ करतात, कारण ती गाण्यासोबत आलेली असते; ही सूं मात्र मी पैसे मोजून घरी आणली होती. म्हणून खरेदीपूर्वी शांत खोलीत आपलाच इअरफोन लावून पाहावे. तेव्हा गाणे थांबवून ऐकण्यात अर्थ नाही, कारण गाणे थांबताच अनेक उपकरणे स्वतःच आवाज पूर्ण बंद करतात. अगदी हळू वाजणारा तुकडा चालू ठेवावा, आवाज कमी ठेवावा आणि मग कान द्यावा. उपकरणावर गेनचे, म्हणजे आवाज किती पट वाढवायचा ते ठरवणारे, बटण असेल तर इअरफोनसाठी ते नेहमी ‘लो’वर असावे.

उपकरणाच्या स्वतःच्या इम्पीडन्सकडेही लक्ष द्यावे. तो हेडफोनच्या इम्पीडन्सच्या एक अष्टमांशापेक्षा कमी असावा असा सर्वसाधारण संकेत आहे. म्हणजे १६ ओहमच्या इअरफोनसाठी २ ओहमच्या आत. ज्या इअरफोनमध्ये तीन-चार छोटे ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे भाग, बसवलेले असतात, त्यांचा इम्पीडन्स स्वरागणिक बदलतो, आणि हा संकेत मोडला तर त्यांचा नाद मूळचा राहत नाही.

४.४ मिमीच्या बॅलन्स्ड जोडणीचे, म्हणजे जिच्यात डाव्या-उजव्या बाजूंच्या तारा पूर्णपणे वेगळ्या असतात तिचे, सध्या भारी कौतुक आहे. तिथे साधारण दुप्पट व्होल्टेज मिळते हे खरे, पण उपकरणाचा इम्पीडन्सही दुप्पट होतो आणि हेडफोनला त्यासाठी वेगळी केबल लागते. ३.५ मिमीच्या साध्या हेडफोनसाठी या सॉकेटला स्वस्तातला अडॅप्टर लावण्याचा मोह टाळावा, कारण त्यात डाव्या-उजव्या बाजूंच्या ऋण तारा एकमेकींना जोडल्या जाऊन ॲम्प्लिफायर जळू शकतो.

फोनच्या बाजूनेही काही गोष्टी तपासाव्या लागतात. बाजारातले काही स्वस्त यूएसबी-सी अडॅप्टर म्हणजे निव्वळ तार असते, आत डॅक, म्हणजे डिजिटल माहितीचे ध्वनीच्या ॲनालॉग विद्युत्-लहरींत रूपांतर करणारी चिप, नसतो. फोन स्वतः त्या पोर्टमधून अशा ॲनालॉग लहरी देत असेल तरच ते चालतात. वर उल्लेखलेल्या ॲपलच्या अडॅप्टरमध्ये डॅक आहे, पण अनेक अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज पुरेसा वाढत नाही. आयफोनला यूएसबी-सी आले ते २०२३ मध्ये, आयफोन १५ पासून. त्याआधीच्या आयफोनला लाइटनिंगची वेगळी केबल लागते. उपकरणाच्या खोक्यावरचे ३२ बिट आणि ३८४ किलोहर्ट्झ हे डिजिटल ध्वनीचा बारकावा सांगणारे आकडे पाहून मात्र एक रुपयाही जास्त देऊ नये.

बॅटरी नसलेला डोंगल फोनचीच वीज खातो आणि चार्जिंगचे पोर्टही अडवून ठेवतो. दिवसभर प्रवास असेल तर स्वतःची बॅटरी असलेले किंवा ब्लूटूथवर चालणारे उपकरण सोयीचे पडते. ब्लूटूथमध्ये एलडॅक ही पद्धत सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत माहिती पाठवते, परंतु आयफोन तिला दाद देत नाही, तो एएसी या दुसऱ्या पद्धतीवरच चालतो. तेव्हा आयफोनवाल्याने एलडॅकसाठी जादा पैसे मोजण्यात हशील नाही. हेडफोनच्या तारेवर माइक असेल तर त्यावरून फोनवर बोलता येते का, हेही विचारून घ्यावे, कारण कित्येक उपकरणांत ती सोय नसते.

नवे उपकरण प्रथम लावताना हेडफोन कानांवर चढवण्याआधी आवाज अगदी खाली आणावा, कारण काही डोंगल लावताक्षणी पूर्ण जोराने वाजू लागतात. प्रौढांसाठी ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास ही जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा आहे, आणि ताकदवान ॲम्प्लिफायर हाती आला की ती नकळत ओलांडली जाते.

दुकानात दोन उपकरणांची तुलना करताना दोन्हींचा आवाज शक्य तितका सारखा करावा, कारण किंचित मोठा वाजणारा डबा कानाला नेहमीच अधिक चांगला वाटतो. फोन मात्र कव्हरसकट न्यावा. जाड कव्हरमुळे डोंगलची पिन पुरती आत बसत नाही आणि खिशात फोन जरा हलला की गाणे तुटते, हे एरवी घरी आल्यावरच कळते.