फरशीच्या कामाचा अंदाज घेताना

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी घराची फरशी बदलून घ्यावी, असे जळगाव, धुळे, नंदुरबारकडील अनेक कुटुंबांच्या मनात असते. परंतु दोन मिस्त्र्यांनी सांगितलेल्या चौरस फुटाच्या दरांत मोठा फरक दिसला की कोणाचा दर खरा, हे कळेनासे होते. दर कमी आहे एवढ्यावरून काहीच ठरत नाही, कारण त्या दरात कोणती कामे धरली आहेत हे प्रत्येकाचे वेगळे असते. म्हणून आधी स्वतः मोजमाप करावे आणि त्याच मोजमापावर दोघांकडून एकूण रक्कम लिहून घ्यावी.

12 बाय 14 फुटांची खोली घेऊ. तिची जमीन 168 चौरस फूट भरते. भिंतींची एकूण लांबी 52 फूट असून दाराचे 3 फूट वजा केल्यास 49 फूट स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावायची टाइलची पट्टी, उरते, आणि चार इंच उंचीच्या स्कर्टिंगला सुमारे 16 चौरस फूट टाइल लागते. या 184 चौरस फुटांवर कापाकापी व फुटतूट यांसाठी आठ टक्के धरले, की गरज 199 चौरस फुटांवर जाते. दुकानात ‘दोन बाय दोन’ म्हणून मिळणारी टाइल प्रत्यक्षात 600 मिलिमीटरची, म्हणजे दोन फुटांहून किंचित कमी असते. त्यामुळे चार नगांच्या पेटीत सोळा नव्हे, साडेपंधरा चौरस फूट भरतात आणि या खोलीला 13 पेट्या लागतात. दुकानदाराने पेटी किती फुटांची धरली आहे, दरात 18 टक्के जीएसटी आला आहे का आणि गुजरातमधील मोरबीहून आलेल्या टाइल घरात उतरवण्याची हमाली कोणाकडे आहे, हे बिल होण्याआधी विचारावे. सर्व पेट्यांवरील शेड (रंगछटा) आणि बॅच क्रमांक एकच असावा.

अंदाज चुकतो तो बहुधा टाइलच्या खालच्या कामात. या खोलीत टाइलखाली दोन इंच जाडीचा सिमेंट-वाळूचा माल टाकायचा झाल्यास एकास सहा या प्रमाणाने चार-साडेचार गोण्या सिमेंट आणि ब्रासचा (शंभर घनफुटांचा) तिसरा हिस्सा वाळू लागते. जमीन खोल असल्यामुळे हीच जाडी चार इंच झाली, तर दोन्ही दुप्पट. तापी खोऱ्यातील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे जोत्यात तीच माती भरलेल्या जुन्या घरांत फरशी एखाद्या कोपऱ्यात खचलेली आढळते. अशा ठिकाणी माती काढून मुरूम भरणे, पाणी मारून धुम्मस करणे (ठोकून घट्ट बसवणे) आणि वर काँक्रीटचा थर देणे ही कामे दरात क्वचितच धरलेली असतात. पैसे कमी पडत असतील तर टाइल साधी घ्यावी, पण हा भराव टाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जुनी फरशी पक्की असून ठोकल्यावर कुठेही पोकळ आवाज येत नसेल, तर तिच्यावरच ॲडेसिव्हने नवी टाइल बसवता येते. त्यामुळे तोडणी आणि राडारोडा वाहून नेण्याचा खर्च वाचतो, मात्र जमीन उंचावल्याने दारे खालून तासावी लागतात.

आता मजुरी. समजा, एका मिस्त्रीने जमिनीसाठी चौरस फुटाला 20 रुपये आणि स्कर्टिंगसाठी रनिंग फुटाला (लांबीच्या फुटाला) 15 रुपये सांगितले, तर दुसऱ्याने स्कर्टिंग व टाइलच्या सांध्यांत ग्राउट भरण्यासह 26 रुपये. पहिल्याचे 4095 रुपये होतात, दुसऱ्याचे 4368. फरक 273 रुपयांचा, आणि पहिल्याने ग्राउटची मजुरी अजून सांगितलेलीच नाही.

बाथरूमचा हिशेब स्वतंत्र करावा. 5 बाय 7 फुटांच्या बाथरूमची जमीन अवघी 35 चौरस फूट असते, पण सात फूट उंचीपर्यंत टाइल लावल्यास दार वगळून भिंतीच सुमारे 150 चौरस फूट भरतात. वॉटरप्रूफिंगनंतर किमान एक दिवस पाणी साठवून गळती तपासावी आणि मगच टाइल बसवू द्यावी.

चैत्र-वैशाखात आपल्याकडे सिमेंटच्या मालातील पाणी लवकर उडते. त्यामुळे पाणी मारण्याची जबाबदारी कोणाची आणि टँकर लागल्यास त्याचे पैसे कोण देणार, हेही लिहून घ्यावे. मजुरीचा शेवटचा हप्ता काम संपल्यावर आठवडाभराने, प्रत्येक टाइल ठोकून पाहिल्यानंतरच देण्याचे सुरुवातीलाच ठरवावे. जिथे पोकळ आवाज येईल तिथली टाइल मिस्त्रीने स्वतःच्या मजुरीत काढून पुन्हा बसवायची, ही अटही त्याच कागदावर असावी.