स्वस्तातल्या दिवाणाचा आरामशीर सोफा कसा करावा

दिवाणावर चार-पाच उशा मांडल्या की सोफा झाला, अशी माझीही समजूत होती. मग दिसायचं ते असं: माणूस पुढच्या काठावर बसतो, मागे टेकायला जातो आणि उशा त्याच्या पाठीबरोबर भिंतीकडे सरकतात. शेवटी तो निम्मा आडवा होतो, नाहीतर सरळ मांडी घालून बसतो. यात उशांचा काही दोष नाही. दिवाण झोपायच्या मापाने केलेला असतो, रुंदी साधारण 90 सेंमी. टेकून बसायला पाठीपासून पुढच्या काठापर्यंत 50 ते 55 सेंमी पुरतात. मधल्या 35-40 सेंमीचं काय करायचं, हाच खरा प्रश्न. बाकीची कामं त्यामानाने किरकोळ आहेत.

आधी मापं

ज्या खुर्चीत तुम्हाला तासभर बसवतं, तिची मापं घ्या: जमिनीपासून बैठकीची उंची, पाठीपासून पुढच्या काठापर्यंतचं अंतर आणि पाठ किती कलती आहे ते. मग दिवाणावर गादी टाकून एकाने बसायचं आणि दुसऱ्याने टेप धरायचा. रिकाम्या गादीची उंची मोजण्यात अर्थ नाही, कारण वजनाने ती दबते. बसल्यावर उंची 42 ते 45 सेंमी भरली आणि दोन्ही तळपाय सपाट टेकले, तर उत्तम. जास्त भरली तर लगेच पाय कापायला करवत काढू नका, आधी पातळ फोम घेऊन बघा. कमी भरली तर पायांखाली लाकडी ठोकळे द्या, पण पाय आत बसेल अशी खोबण पाडूनच.

सांगाडा पक्का करा

झोपलेल्या माणसाचं वजन पसरतं. तिघं जण बसले की तेच वजन पुढच्या दांडीवर येतं, आणि लोक बसताना अलगद थोडेच बसतात, धपकन बसतात! त्यामुळे दिवाण उलटा करा आणि एकेक सांधा हलवून बघा. लोखंडी असेल तर नट-बोल्टना स्प्रिंग वॉशर घाला, कुरकुर निम्मी तिथेच थांबते. लाकडी असेल आणि स्क्रू नुसताच फिरत असेल, तर भोकात गोंद लावलेल्या बांबूच्या काड्या ठोका, गोंद वाळू द्या, मग स्क्रू पुन्हा पिळा. चारही कोपऱ्यांना आतून अँगल लावा. पुढच्या दांडीच्या मधोमध एक जादा पाय हवाच. स्वस्त दिवाणात नेमका तोच वाचवलेला असतो.

आडव्या पट्ट्यांमध्ये 7-8 सेंमीपेक्षा जास्त फट असेल तर फोम त्यात खचतो. वरून 12 मिमी प्लाय टाका, आणि गादीला दमटपणा धरू नये म्हणून त्याला हवेची भोकं पाडा. प्लाय दोन तुकड्यांत असेल तर जोड पट्टीवरच आला पाहिजे.

आता एक बारीकशी गोष्ट. प्लाय पक्का करण्याआधी पुढच्या काठाखाली 2.5-3 सेंमी जाडीची लाकडी पट्टी घाला. मागच्या बाजूला काही नको. बैठक किंचित मागे कलते आणि माणूस पुढे घसरत नाही. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, कमरेला लगेच कळतो. उंचीच्या हिशेबात मात्र ही पट्टी धरायला विसरू नका.

पाठ

इथे आधी ठरवा की रात्री कुणी या दिवाणावर झोपणार आहे का. झोपणार असेल तर पूर्ण रुंदीची गादी राहू द्या आणि मागे उचलता येतील असे फोमचे पाचरीसारखे तक्के ठेवा, खाली जाड, वर निमुळते. झोपणार नसेल तर प्लायची कायमची पाठ करा. मी दुसराच मार्ग सुचवीन, कारण रोज रात्री तक्के उतरवायचा उत्साह आठवडाभर टिकतो.

पाठीचा हिशेब असा. 90 सेंमीतून बैठकीचे 53 वजा केले, उरले 37. पाठीच्या फोमला 12 द्या. म्हणजे लाकडी पाठीची पुढची बाजू बैठकीच्या पातळीवर मागच्या कडेपासून 25 सेंमीवर येते. तिथून 40 सेंमी वर गेल्यावर ती 17 सेंमीवर आली पाहिजे. हा 8 सेंमीचा कल फार महत्त्वाचा. माझी पहिली पाठ काटकोनात होती. दिसायला झकास, पण बसल्यावर स्टेशनवरचं बाकडं! दहा मिनिटांत जो तो उठायचा.

18 मिमी प्लायचे या आकाराचे चार उभे तुकडे कापा, ते सारख्या अंतरावर उभे करा आणि पुढून 9 मिमी प्लाय ठोका. हा सांगाडा गादीवर नाही, खालच्या प्लायवर बसवून स्क्रूने आवळायचा. वरची फळी बिजागरीची केलीत तर मागच्या पोकळीत चादरी मावतात.

फोम आणि खोळ

बैठकीला 40 डेन्सिटीचा, 10 ते 12 सेंमी जाड फोम घ्या. पाठीला 28 ते 32 चालेल. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं किलोतलं वजन, त्यावरून टिकाऊपणा कळतो, कडकपणा नाही. एकाच डेन्सिटीत मऊही मिळतो आणि कडकही. म्हणून मुठीने दाबून समाधान मानू नका, दुकानातच त्यावर बसून बघा.

बैठकीचे तुकडे एक करा किंवा तीन, दोन कधीच नको. मधल्या माणसाच्या नशिबी फट येते. फोम लांब, दातेरी सुरीने हलक्या हाताने कापा. दाबून कापलात तर कड मधे आत जाते. खोळीपेक्षा फोम सगळ्या बाजूंनी सेंटिमीटरभर मोठा ठेवा, म्हणजे कापडाला सुरकुत्या पडत नाहीत. कापड सुती असेल तर आधी धुऊन आटवून घ्या आणि मगच बेता. चेन मागच्या बाजूला लावा, पण ती दोन्ही कोपरे वळून थोडी पुढे येऊ द्या. नाहीतर खोळ चढवताना कुस्तीच होते. फोमला पातळ प्लॅस्टिक गुंडाळून आत सरकवा आणि नंतर ते ओढून काढा, अर्धी कुस्ती तिथेच वाचते.

फोमखाली रबरी जाळीची चटई अंथरली की बैठक जागची हलत नाही. दोन्ही टोकांच्या कठड्यांना एकेक लोड नाडीने बांधा, हात टेकायची सोय झाली.

पंधरा दिवसांनी दिवाण पुढे ओढून सगळे बोल्ट पुन्हा आवळा. नव्या वजनाखाली सांधे बसतात आणि हमखास एखादा नट अर्धा फेरा सैल झालेला सापडतो.