काँक्रीट ओतण्याआधी: सेल्फ सर्व्हिस कार वॉशच्या पेमेंटची आणि व्हॅक्यूम ओट्याची तयारी

गाडी आतून साफ करायची व्हॅक्यूम यंत्रे ज्यावर उभी राहतात, त्या ओट्याचे काँक्रीट एकदा घट्ट झाले की त्यात नवा पाइप घालायचा म्हणजे ब्रेकर लावायचा. म्हणून सेल्फ सर्व्हिस वॉशिंग सेंटर उभे करताना पैसे कसे घेणार, हे गवंडी साइटवर येण्याआधी कागदावर ठरलेले हवे. क्यूआर, नाणी, टोकन, कार्ड, प्रत्येकाला वेगळी वायर, वेगळी उंची आणि वेगळी पेटी लागते.

महाराष्ट्रात सुरुवात यूपीआयपासूनच करावी. पण दुकानात चिकटवतात तो छापील क्यूआर इथे पुरत नाही. पैसे आल्याचे साउंडबॉक्स बोलून सांगतो, व्हॅक्यूमची मोटर चालू करणाऱ्या रिलेला (विजेवर चालणाऱ्या स्विचला) मात्र ते कळत नाही. बटण दाबायला माणूस बसवावा लागतो. शिवाय छापील क्यूआरवर कोणी दुसरा स्टिकर चिकटवला तर दिवसभराचा गल्ला परक्या खात्यात जातो. स्क्रीनवर दर व्यवहाराला नवा क्यूआर दाखवणारे यंत्र घ्या, आणि ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याकडून तीन गोष्टी लेखी घ्या. क्यूआर दोन-तीन मिनिटांत बाद होतो का? होत नसेल तर आधीच्या गिऱ्हाइकाचा क्यूआर पुढचा माणूस स्कॅन करतो आणि भांडण तुमच्या दारात येते. एकाच व्यवहाराचा संदेश सर्व्हरकडून दोनदा आला तर यंत्र दुसरा सोडून देते का? आणि पैसे कापले गेले पण मोटर सुरू झाल्याची पोच अर्ध्या मिनिटात आली नाही, तर पैसे आपोआप परत जातात का? तिसऱ्या प्रश्नाला ‘फोन करा, बघू’ असे उत्तर मिळाले तर दुसरा विक्रेता शोधा.

नेटवर्क दोन बाजूंनी तपासा. यंत्राच्या राउटरला दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम घाला आणि अँटेना स्टीलच्या पेटीबाहेर काढा. आत ठेवला तर पेटीच सिग्नल अडवते. गिऱ्हाइकाच्या फोनलाही रेंज लागते, तेव्हा पत्र्याच्या शेडखाली उभे राहून तीन-चार सिमवर पैसे पाठवून बघा. स्क्रीनचे तोंड शक्यतो उत्तरेकडे असावे, वर छोटी झडप हवीच. दुपारच्या उन्हात कॅमेऱ्याला क्यूआर दिसला नाही तर बाकी सगळी यंत्रणा निरुपयोगी. क्यूआरचा मध्य गाडी उभी राहते त्या जमिनीपासून १.१ ते १.३ मीटरवर ठेवा. माप ओट्यावरून घेतले तर स्क्रीन १५ सेंटिमीटर वर जाते.

नाण्यांचा मार्ग ठेवायचा असेल तर डोळसपणे ठेवा. १० रुपयांच्या नाण्याची १४ डिझाइन चलनात असून ती सगळी वैध असल्याचे रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये सांगितले होते. कॉइन ॲक्सेप्टरला (नाणे ओळखून घेणाऱ्या यंत्राला) प्रत्येक डिझाइनचे नमुने, नवे आणि झिजलेले दोन्ही, शिकवावे लागतात. १० आणि २० रुपयांची नाणी दोन्ही २७ मिमीची, फरक वजनात (७.७१ आणि ८.५४ ग्रॅम), धातूत आणि वीसच्या बारा कडांत. फक्त व्यास मोजणारे स्वस्त ॲक्सेप्टर इथे फसतात. स्वतःचे टोकन काढणार असाल तर तेही २७ मिमीचे नको. नोटा घेणारे यंत्र निवडताना रुंदी बघा: १०० ची नवी नोट ६६ मिमी, जुन्या मालिकेतली ७३ मिमी रुंद. आमच्या मते नव्या सेंटरला नोटांचे यंत्र लावूच नये; ओल्या हातातली चुरगळलेली नोट ते परत फेकते आणि अडकलेली काढायला रोज कुलूप उघडावे लागते.

नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी, विशेषतः टॅक्सीवाल्यांसाठी, प्रीपेड कार्ड उत्तम, कारण नेट गेले तरी ते चालू ठेवता येते. फक्त तुमच्याच सेंटरवर चालणाऱ्या आणि रोख परत न देणाऱ्या कार्डाला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही. कार्ड रीडर स्टीलच्या पत्र्यामागे बसवू नका, पत्रा कापून प्लास्टिकची खिडकी द्या, नाहीतर कार्ड वाचलेच जात नाही.

आता ओटा. दोन गाड्यांच्या मध्ये एक ओटा, त्यावर दोन व्हॅक्यूम युनिट, प्रत्येक बाजूला एक, ही मांडणी धरू. गाडी पावणेदोन मीटर रुंद आणि दोन्हीकडची दारे उघडी, म्हणून दोन ओट्यांमध्ये किमान ३.६ मीटर, जमल्यास ४ मीटर मोकळे सोडा. ओटा ६ मीटर लांब, १.२ मीटर रुंद, जमिनीवर १५ सेंटिमीटर आणि खाली तितकाच. काळी माती असेल तर ती निदान ६० सेंटिमीटर काढून मुरूम भरा आणि थराथराने पाणी मारून दाबा. ही माती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि ओट्याला आडवी चीर पाडते. त्यावर ७५ मिमी पीसीसी (सळईविना साधे काँक्रीट), मग ओट्याचे एम२५ प्रतीचे काँक्रीट. ते साधारण २.१६ घनमीटर भरते. ८ मिमीची सळई दोन्ही दिशांनी १५ सेंटिमीटरवर बांधली तर जाळीला साधारण ४० किलो लागते, कापणीची तूट वेगळी. जाळी तळाला टेकू नये म्हणून तिच्याखाली कव्हर ब्लॉक (छोटे ठोकळे) ठेवलेत का, हे स्वतः वाकून बघा.

खरी काळजी पाइपांची. प्रत्येक युनिटसाठी वीज ४० मिमीच्या पाइपातून, डेटा २५ मिमीच्या वेगळ्या पाइपातून, आणि तिसरा पाइप रिकामा, आत ओढायची तार घालून. तो आज फुकट वाटेल, पण पुढे कॅमेरा किंवा दुसरे पेमेंट यंत्र लावताना तोच कामाला येतो. वीज आणि डेटा यांच्यात ३० सेंटिमीटर अंतर ठेवा, ओलांडायचेच असतील तर काटकोनात. व्हॅक्यूमच्या मोटरचे कार्बन ब्रश ठिणग्या टाकतात, त्या गोंधळाने ॲक्सेप्टरच्या वायरीत खोटे पल्स (नाणे पडल्याचे विजेचे संकेत) उमटतात आणि नाणे न टाकता मोटर सुरू होते. डेटाला शील्डची (धातूचे वेष्टन असलेली) केबल वापरा आणि शील्ड एकाच टोकाला अर्थ करा. पाइपांची तोंडे तयार पृष्ठभागाच्या १० सेंटिमीटर वर काढा आणि काँक्रीट पडण्याआधी टोपणे बसवा. वायरी ओढून झाल्यावर तोंडे फोमने किंवा पुट्टीने बुजवा. पावसाळ्यात पाणी, मुंग्या आणि पाली याच वाटेने पॅनेलमध्ये शिरतात.

युनिट ओट्याला धरून ठेवणारे अँकर बोल्ट युनिट बनवणाऱ्याच्या टेम्प्लेटवरच (भोकांच्या साच्यावरच) बसवा, अंदाजाने नाही. १२ मिमीचे, ३० सेंटिमीटर लांब, आटे टेपने गुंडाळलेले. ओट्याच्या माथ्याला मध्यापासून दोन्हीकडे १०० ला १ उतार द्या आणि बेस प्लेट न आकसणाऱ्या ग्राउटवर (भरावाच्या सिमेंट मिश्रणावर) लेव्हलमध्ये बसवा. कडा २५ मिमी तिरक्या मारा. तीक्ष्ण कडेने टायरची बाजू फाटते. दोन्ही टोकांना १०० मिमीचा लोखंडी पाइप, ६० सेंटिमीटर जमिनीत आणि ९० वर, आतून काँक्रीट भरून. पोर्टलँड पोझोलाना सिमेंट असेल तर आयएस ४५६ प्रमाणे किमान १० दिवस पाणी मारा, कोरड्या उन्हाळ्यात १४. घाईने तिसऱ्या दिवशी बोल्ट आवळले तर ते हलतात.

विजेचे गणित छोटे आहे. दोन मोटरचे युनिट सुमारे २.४ किलोवॉट, २३० व्होल्टवर साडेदहा अँपिअर. प्रत्येक युनिटला ४ चौरस मिमीची तांब्याची आर्मर्ड केबल, २० अँपिअरचा सी-कर्व्ह (मोटर सुरू होतानाचा झटका सोसणारा) एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा स्वतंत्र आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच). सगळ्यांना मिळून एकच आरसीसीबी लावला तर एका ओल्या युनिटमुळे सगळे सेंटर बंद पडते. दोन मोटर अर्ध्या सेकंदाच्या फरकाने सुरू करा. अमेरिकेतून युनिट आणत असाल तर पाटी वाचा: तिथल्या अनेक मोटर १२० व्होल्टच्या असतात आणि नाण्याची खाच २४.२६ मिमीच्या क्वार्टरसाठी कापलेली असते.

होज साडेचार मीटरचा पुरे. जास्त लांब घेतला तर ओढ कमी होते. तो २.४ मीटर उंचीच्या फिरत्या आर्मवरून सोडा, म्हणजे टपावरून घासत जात नाही. नोझलचे तोंड होजपेक्षा अरुंद असावे. वेफरचे पाकीट अडकायचेच तर तोंडाशी अडकावे, होजच्या मध्यात नाही.

सुरू करण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक युनिटवर चार वेगवेगळ्या ॲपने पैसे भरा, एकदा पैसे भरल्या क्षणी राउटरची वायर काढा आणि परतावा येतो का ते पाहा. आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबा. नोझल बंद करून व्हॅक्यूम गेजवरचा आकडा पेटीच्या दाराआत पेंटने लिहून ठेवा. पुढे कोणी ‘ओढत नाही’ म्हटले की आधी पिशवी झटकायची, मग होज बघायचा आणि आकडा तरीही कमी आला तर कार्बन ब्रश बदलायचे. ब्रशच्या दोन जोड्या, एक होज, दोन नोझल, फिल्टर पिशव्यांचा एक संच आणि १२ व्होल्टचा एक पॉवर सप्लाय पहिल्या दिवसापासून कपाटात असू द्या.