एकच सूचना रोज चिकटवायचा वैताग कसा संपला

ओलामा म्हणजे एआय भाषा-मॉडेल आपल्याच संगणकावर चालवायचं साधन. त्यावर चालवलेल्या मॉडेलला लॉग, म्हणजे प्रोग्रामने केलेल्या नोंदी, वाचायला देताना मी दर वेळी तोच परिच्छेद चिकटवायचो: 'उत्तर मराठीत, पाच ओळींच्या आत. लॉगमध्ये पुरावा नसलेलं कारण सुचवू नकोस.'

उपाय म्हणजे मॉडेलफाइल. साधी टेक्स्ट फाइल असते. 'फ्रॉम'पुढे मूळ मॉडेलचं नाव, 'सिस्टम'खाली आपली सूचना, आणि 'पॅरामीटर'ने टेम्परेचर (उत्तरातला मोकाटपणा ठरवणारा आकडा) ०.२, म्हणजे उत्तर फार भरकटत नाही. मग 'ओलामा क्रिएट' चालवून त्याला 'लॉगवाचक' असं नाव दिलं. अशी चार नावं केली तरी डिस्क चौपट भरत नाही. मूळ मॉडेलचे वेट्स, म्हणजे ज्या आकड्यांनी मॉडेल बनतं ते, सामायिकच राहतात.

टर्मिनलमध्ये सगळं झकास. एडिटरच्या प्लगइनमधून मात्र तेच 'लॉगवाचक' इंग्रजीत लांबलचक प्रवचन देऊ लागलं! 'ओलामा शो'ला मॉडेलफाइलचा पर्याय जोडून पाहिलं, तर सूचना जागच्या जागी होती. शेवटी प्लगइनची विनंती उघडून पाहिली. त्यात प्लगइनचा स्वतःचा सिस्टम मेसेज, म्हणजे 'सिस्टम'खालच्यासारखीच सूचना, होता, आणि विनंतीतून असा मेसेज आला की फाइलमधला बाजूला पडतो. प्लगइनच्या सेटिंगमधली ती चौकट रिकामी केल्यावर उत्तरं ताळ्यावर आली.

फाइल बदलली की 'क्रिएट' पुन्हा चालवावं लागतं, नुसतं सेव्ह करून भागत नाही. आणि सूचनेपेक्षा नमुना जास्त लागू पडतो, असं माझं मत. 'मेसेज' या निर्देशाने एक प्रश्न आणि त्याचं हवं तसं उत्तर फाइलमध्येच लिहून ठेवता येतं.